थांब्याचा हिशेब

माझ्या घरी एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात रेल्वेची जुनी वेळापत्रके आहेत. काही रद्दीच्या दुकानातून किलोच्या भावाने घेतलेली, काही निवृत्त स्टेशनमास्तरांच्या माळ्यावरून उतरवलेली, दोन-तीन वाळवीने अर्धी खाल्लेली. मी रेल्वेत कधी नोकरी केली नाही आणि इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही. वेळापत्रक वाचण्याची सवय मला मामांमुळे लागली. विदर्भातल्या आमच्या गावाजवळच्या हॉल्टवर मामा तिकीट एजंट होते.

हॉल्ट एजंट हा रेल्वेचा पगारी नोकर नसतो. त्याने जवळच्या मोठ्या स्टेशनावरून तिकिटे आगाऊ आणायची, गाडीच्या वेळेला बारी उघडून विकायची आणि विक्रीवर कमिशन घ्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. मामांकडे पुठ्ठ्याच्या तिकिटांची लाकडी पेटी, तारखेचा शिक्का आणि एक कंदील होता. गाडी आली की ते बारी बंद करून म्हाताऱ्या माणसांना डब्यात चढवायला धावत. हे काम त्यांच्या करारात नव्हते.

त्या हॉल्टचे नाव मी इथे देत नाही. मार्च २०२० मध्ये देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. पुढे त्या टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या, तेव्हा अनेक लहान स्थानकांचे थांबे परत आले नाहीत. आमचे हॉल्ट त्यांतले एक. नाव दिले तर वाचक ही एका गावाची तक्रार समजतील, म्हणून ते टाळतो.

थांबा गेल्यानंतर एक गोष्ट घडली. हॉल्टच्या शेडला नवा रंग लागला, बाकडे दुरुस्त झाले आणि खांबांवर पांढरे दिवे आले. संध्याकाळी गुरे घेऊन रुळाकडेने येणारी शेजारची आजी मला म्हणाली, "गाडी थांबतच नाही, तं मंग हा दिवा कायले लावते बाप्पा?" मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी मी तीन-चार प्रकारचे मजकूर वाचले : रेल्वेचे निकष, मोबाइलवर फिरणारी एक गोष्ट, आपल्याकडचे स्मरणरंजन आणि साठ वर्षांपूर्वीचा एक इंग्रजी अहवाल.

१

पहिला मजकूर रेल्वेच्या निकषांचा. तो रूक्ष आहे, पण कवितेसारखा शब्दाशब्दाने वाचावा लागतो.

भारतीय रेल्वे प्रवासी सुविधांचे तीन थर करते : किमान आवश्यक, शिफारस केलेल्या आणि इष्ट. कोणत्या स्थानकाला काय मिळणार हे त्याच्या श्रेणीवर ठरते. पूर्वी ए-वन, ए, बी, सी, डी, ई, एफ अशा सात श्रेणी होत्या. त्यांत सी म्हणजे उपनगरी स्थानके आणि एफ म्हणजे हॉल्ट. बाकीच्यांची वाटणी मुख्यतः वार्षिक प्रवासी उत्पन्नावर होई. २०१७ मध्ये ही रचना बदलली आणि बिगरउपनगरी, उपनगरी व हॉल्ट असे तीन गट झाले. उत्पन्नाच्या जोडीला प्रवासीसंख्याही निकषात आली, ही सुधारणा मान्य केली पाहिजे. हॉल्टच्या गटात सर्वांत खाली एचजी-३ ही श्रेणी आहे. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उत्पन्न किंवा एक लाखापर्यंत प्रवासी असलेले हॉल्ट तिच्यात येते.

यादी वाचली तर ती वाईट नाही. पिण्याचे पाणी, दिवाबत्ती, बसायची सोय, प्रतीक्षेसाठी निवारा, तिकिटाची व्यवस्था. फलाटावरच्या सावलीची दखल घेताना यादीत झाडांचाही उल्लेख येतो. हे लिहिणाऱ्याने कधीतरी मे महिन्यात लहान स्थानकावर गाडीची वाट पाहिली असावी, असे मला वाटते. आमच्या हॉल्टवरचा कडुलिंब पत्र्याच्या शेडपेक्षा जास्त लोकांच्या उपयोगी पडला आहे.

आता या यादीतल्या दोन गोष्टींकडे पाहू. पहिली फलाटाच्या उंचीची. आपल्याकडे उंच फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असतो, मध्यम ४५५ मिलिमीटर, आणि तिसरा प्रकार जवळजवळ रुळाच्याच पातळीचा. खालच्या श्रेणींच्या वाट्याला मुख्यतः हा तिसरा प्रकार येतो. डब्याची फरशी रुळापासून सव्वा मीटरच्या आसपास असते. म्हणजे मोठ्या स्थानकावरच्या प्रवाशाला साधारण एक पायरी चढायची असते आणि हॉल्टवरच्या प्रवाशाला उभी शिडी. गुडघे मात्र दोन्हीकडे सारखेच असतात. गाडी मिनिटभर थांबते, तेव्हा डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेतलेल्या बाईला ती शिडी चढता येते की नाही, यावर तिचा प्रवास ठरतो. उंची हा सोयीचा प्रश्न वाटतो, पण प्रत्यक्षात कोण गाडीने जाणार आणि कोण दुप्पट पैसे मोजून काळीपिवळीत बसणार, हे ती उंची ठरवत असते.

दुसरी गोष्ट 'बाहेर जाणारे प्रवासी' या शब्दांची. निकषात मोजला जातो तो त्या स्थानकातून निघणारा माणूस. उतरणारा मोजला जात नाही. माहेरी आलेली मुलगी, शाळेत येणारी शिक्षिका, आठवडी बाजाराला माल घेऊन उतरणारा विक्रेता हे आमच्या गावाचे लोक नाहीत, पण आमच्या हॉल्टचे आहेत. ज्या हॉल्टवर एजंट उरलेला नाही, बारी बंद आहे, तिथल्या चढणाऱ्याची नोंद तरी नीट कशी व्हावी? तो फोनवर तिकीट काढतो, नाहीतर काढतच नाही. दुसऱ्या प्रकारात तो गुन्हेगार ठरतो आणि त्याचे गाव 'निरुपयोगी' ठरते.

इथे एक वर्तुळ पूर्ण होते. गाड्या कमी, म्हणून प्रवासी कमी. प्रवासी कमी, म्हणून श्रेणी खालची. श्रेणी खालची, म्हणून फलाट रुळाच्या पातळीवर, बारी बंद, निवारा अपुरा. त्यामुळे प्रवासी आणखी कमी, आणि शेवटी थांबाच रद्द. 'कमी वापराचे स्थानक' हे शब्द आपण पावसाच्या सरासरीसारखे वापरतो, जणू ती त्या जागेची नैसर्गिक अवस्था आहे. माझे म्हणणे असे की बहुतेक वेळा ती घडवलेली असते. कोणी ठरवून घडवलेली नसेल, पण निर्णयांच्या साखळीतून घडलेली.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर मला याच यादीत सापडले. पाणी, दिवा, बाकडे, झाड हे सगळे सुविधांमध्ये मोडते. गाडीचे थांबणे मोडत नाही. तो विषय वेगळ्या विभागाचा, वेगळ्या फायलीचा. त्यामुळे एका टेबलावर दिवे मंजूर होतात आणि दुसऱ्या टेबलावर थांबा रद्द होतो, आणि दोन्ही टेबले आपापल्या नियमाने बरोबर असतात.

२

दुसरा मजकूर वाचकांनी नक्की वाचला असेल. जपानमधल्या होक्काइदो बेटावर एका शाळकरी मुलीसाठी रेल्वेने अख्खे स्टेशन चालू ठेवले, ती पदवीधर झाल्यावर ते बंद केले, अशी ती गोष्ट. २०१६ च्या जानेवारीत ती जगभर फिरली आणि मराठीतही आली. आजही दर सहा महिन्यांनी ती कोणत्या ना कोणत्या गटावर येते, खाली हात जोडल्याची चित्रे असतात.

गोष्टीचा गाभा खरा आहे, तपशील मात्र बरेच घसरलेले आहेत. गोष्टीत बहुधा कामी-शिराताकी स्थानकाचे नाव येते. ती मुलगी चढत असे ते स्थानक होते क्यू-शिराताकी. आणि बंद झाले ते एक स्थानक नव्हे. २६ मार्च २०१६ रोजी नवे वेळापत्रक लागू झाले, तेव्हा त्याच भागातली अनेक लहान स्थानके एकदम बंद झाली. होक्काइदोतली वस्ती विरळ होत चालली आहे आणि तिथली रेल्वे कंपनी तोट्यात आहे. शाळेच्या वर्षाचा शेवट आणि वेळापत्रकाचा बदल जपानमध्ये मार्चमध्येच येतो.

मला या गोष्टीची तक्रार तपशिलांसाठी नाही. ती आपल्याला काय शिकवते हा माझा प्रश्न आहे. ती सांगते की लहान स्थानक चालू ठेवणे म्हणजे दया. एक मोठी संस्था एका लहान मुलीवर प्रसन्न होते आणि आपले डोळे पाणावतात. आपल्याकडे थांबा मागणारी निवेदने वाचली तर हीच भाषा सापडते : 'कृपया', 'उपकृत करावे', 'गोरगरिबांवर मेहेरबानी व्हावी'. मी स्वतः अशी तीन निवेदने लिहिली आहेत. दयेच्या भाषेत मागितलेली गोष्ट दयेसारखीच मागे घेता येते, हे मला उशिरा कळले. क्यू-शिराताकीची मुलगी रोज शाळेत पोचू शकत होती, कारण तिच्या वेळेची गाडी वेळापत्रकात छापलेली होती. तिला कोणाची मर्जी सांभाळावी लागत नव्हती. गोष्टीतला हा भाग कोणी पुढे पाठवत नाही.

३

तिसरा मजकूर आपला घरचा. आमच्या वऱ्हाडात 'शकुंतला' म्हटले की प्रत्येकाकडे एक आठवण निघते. मूर्तिजापूरहून एक फाटा कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला जाई, दुसरा दर्यापूर, अंजनगावावरून अचलपूरला. ७६२ मिलिमीटरचा अरुंद मार्ग, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कापूस वाहून नेण्यासाठी घातलेला. १९९४ पर्यंत इथे वाफेचे इंजिन धावले. आता गाडी बंद आहे.

तिच्यावर जितके लिहिले गेले तितके महाराष्ट्रातल्या फार थोड्या रेल्वेमार्गांवर लिहिले गेले असेल. पण ते काय आहे? निम्मे लिखाण मालकीच्या कुतूहलाचे आहे : देश स्वतंत्र झाला तरी हा मार्ग इंग्रजी काळातल्या खाजगी कंपनीच्याच नावावर राहिला, त्याचे नवल. उरलेले निम्मे स्मरणरंजनाचे : गाडी इतकी हळू की माणूस खाली उतरून पुन्हा चढे, डब्यात गप्पांचा फड, उन्हाळ्याच्या सुट्ट्या, खिडकीतून येणारे कोळशाचे कण. हे सगळे मलाही प्रिय आहे. मात्र या लिखाणात मी वर्षानुवर्षे एक गोष्ट शोधतो आहे. शेवटच्या काळात मधल्या स्थानकांवर तिकीट कोण देत होते? रात्री दिवा होता का? पाणी कुठून येत होते? बाळंतीण बाई गाडीत कशी चढत होती? याची उत्तरे जवळजवळ मिळत नाहीत. लेखक खिडकीत बसून लिहितो; फलाटावर उभे राहून फार थोड्यांनी लिहिले.

हळू गाडीचे कौतुक करताना ती हळू का झाली हे विसरले जाते. रुळांवर आणि पुलांवर पुरेसा खर्च झाला नाही की वेग उतरतो. वेग उतरला की नोकरदार, विद्यार्थी एसटीकडे वळतात. उरतात ते ज्यांना तिकिटातली बचत वेळेपेक्षा मोठी वाटते ते. मग आकडे सांगतात की ही गाडी कोणी वापरत नाही. पहिल्या भागातले वर्तुळ ते हेच. आपल्या साहित्याने त्या वर्तुळाला 'मंद लय' असे गोड नाव दिले. लहान स्टेशनाचा पिवळा दिवा, ओसाड फलाट, एकटा पॉइंट्समन ही आपल्या कथांमधली ठरलेली चित्रे आहेत. ती सुंदर आहेत. पण ओसाडपणाला सुंदर म्हणायची सवय लागली की त्यामागचा निर्णय दिसेनासा होतो, आणि या दोषात मी माझ्या जुन्या लेखांनाही धरतो.

४

चौथा मजकूर ब्रिटनमधला. २७ मार्च १९६३ रोजी ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात २,३६३ स्थानके बंद करण्याची शिफारस होती. त्याचा युक्तिवाद आकड्यांचा आणि वरकरणी बिनतोड होता : सर्वांत कमी वापराची निम्मी स्थानके मिळून प्रवासी उत्पन्नाचा सुमारे दोन टक्के भाग देतात, मग ती कशाला चालवायची?

हे आकडे एका आठवड्याच्या पाहणीवर उभे होते. २३ एप्रिल १९६१ रोजी संपलेला तो आठवडा. समुद्रकाठच्या गावांना उन्हाळ्यात जी गर्दी होई ती एप्रिलमध्ये कुठून दिसणार, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. दुसरा आक्षेप जास्त खोल होता. लहान फाट्यावरून येणारा माणूस पुढे मुख्य मार्गावर लांबचा प्रवास करतो. फाटा काढून टाकला की तो मुख्य मार्गावर येतोच असे नाही. तो मोटार घेतो.

हे वाचले तेव्हा मला हसू आले, कारण मीही तेच केले होते. थांबा रद्द होण्याआधी काही वर्षे, निवेदनाला जोडण्यासाठी मी आमच्या हॉल्टवर सात दिवस वही घेऊन बसलो होतो. ते आकडे इथे देत नाही. एका माणसाने एका आठवड्यात केलेली मोजणी हा पुरावा होत नाही. त्या सात दिवसांत कळले ते मात्र सांगतो. पहिले दोन दिवस मी फक्त चढणारे मोजले. तिसऱ्या दिवशी बाजार होता, इतके लोक उतरले की मला वहीत नवा रकाना आखावा लागला. पाचव्या दिवशी लक्षात आले की काही चेहरे जाताना दिसले पण येताना नाहीत. परतीची गाडी अशा वेळेला होती की ते एसटीने आले. माझ्या वहीत ते अर्धे प्रवासी होते. चूक त्यांची नव्हती, वेळापत्रकाची होती. आणि गाडी इतकी अवेळी असल्यामुळे जे आलेच नाहीत, त्यांच्यासाठी कोणत्याही वहीत रकाना नसतो.

बीचिंगच्या काळाबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. १९६२ च्या वाहतूक कायद्यानुसार बंद करण्याच्या प्रस्तावावर आक्षेप आले तर प्रवाशांची बाजू मांडणाऱ्या समितीपुढे ते जात. समितीने फक्त एकच गोष्ट पाहायची असे : प्रवाशांना किती त्रास होणार. पैशांचा हिशेब तिच्या कक्षेत नव्हता. व्यवस्था अपुरी होती, बहुतेक स्थानके शेवटी बंद झालीच. तरीही 'त्रास' हा शब्द कायद्यात होता आणि तो नोंदवण्यासाठी एक जागा होती. आपल्याकडे विभागीय आणि क्षेत्रीय पातळीवर रेल्वे उपभोक्ता सल्लागार समित्या आहेत, पण नावातच आहे त्याप्रमाणे त्या सल्ला देतात.

५

दुसरी बाजू न मांडता थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. गाडीचा एक मिनिटाचा थांबा एका मिनिटाचा नसतो. वेग उतरवणे, थांबणे, पुन्हा वेग घेणे यात कितीतरी जास्त वेळ आणि ऊर्जा जाते. एकेरी मार्गावर एका गाडीचा उशीर समोरून येणाऱ्या गाडीलाही लागतो. लांबच्या गाडीतल्या हजार-दीड हजार माणसांचा वेळही वेळच आहे. प्रत्येक गाडीने प्रत्येक हॉल्टवर थांबावे असे मी म्हणत नाही. जिथे वस्तीच उरली नाही ती स्थानके बंद होणेही मला समजते.

पण हा युक्तिवाद लांबच्या गाड्यांना लागू पडतो. लहान स्थानकांसाठी साधी पॅसेंजर असते. थांबणे हेच तिचे काम. २०२० नंतर अशा अनेक गाड्या 'स्पेशल' म्हणून, मेल-एक्स्प्रेसच्या भाड्याने धावल्या. किमान तिकीट दहा रुपयांचे तीस झाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा दहावर येईपर्यंत मधली वर्षे गेली. दोन स्टेशने पलीकडे मजुरीला जाणाऱ्याला रोजचे चाळीस रुपये जास्त म्हणजे काय, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. त्या वर्षांतल्या प्रवासीसंख्येवरून कोणत्याही हॉल्टची लायकी ठरवू नये, एवढे तरी मान्य व्हावे.

आज स्थानकांवर खर्च होत नाही असे नाही. ६ ऑगस्ट २०२३ रोजी अमृत भारत योजनेत ५०८ स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी एकाच दिवशी झाली, त्यांत महाराष्ट्रातली ४४ होती. एकूण योजना तेराशेच्या आसपास स्थानकांची आहे. देशात स्थानके सात हजारांहून जास्त आहेत. योजनेत आलेल्यांचा मला हेवा नाही. बाहेर राहिलेल्यांसाठी सरकता जिना कोणी मागितलेला नाही.

मग काय मागावे? या सगळ्या वाचनातून माझ्यापुरते उत्तर असे निघाले. सुविधांच्या यादीत पहिल्या ओळीवर गाडी हवी : दिवसातून जाण्याची एक आणि त्याच दिवशी परतण्याची एक, माणसाला बाजार, दवाखाना, शाळा साधेल अशा वेळेला. दुसऱ्या ओळीवर चढता येईल असा फलाट. तिसऱ्या ओळीवर तिकीट देणारा माणूस, कारण तोच माहिती देतो, दिवा लावतो आणि नोंदही ठेवतो. पाणी, सावली, बाकडे त्यानंतर. आणि थांबा काढायचा असेल तर आधी गावाला विचारावे, उतरणाऱ्यांसकट मोजावे, आणि ते आकडे गावाच्या चावडीवर लावावेत.

मामा आता नाहीत. त्यांची तिकिटांची पेटी माझ्या ट्रंकेशेजारी आहे, आतले कप्पे गावांच्या नावांनी विभागलेले. त्यातल्या काही गावांना आता हॉल्ट नाही. गेल्या महिन्यात पुन्हा एक निवेदन लिहिले, या वेळी 'कृपया' हा शब्द न वापरता. 'उतरणारे' असा वेगळा रकाना केला आणि गावातल्या दहावी-बारावीच्या मुलांना मोजायला बसवले, रस्त्यावरच्या काळीपिवळीच्या थांब्यावर. आजीला सगळे समजावून सांगितले. ती म्हणाली, "मंग आता दिवा तं लावलाच हाये, गाडी तेवढी थांबवा." निवेदनाचा विषय म्हणून मी तेच वाक्य प्रमाण मराठीत लिहिले.